भावकीच्या मोबाइलवर दर्शनाची साखर

सतरा वर्षांच्या एका मुलीची साखर मी तिच्या झाडून सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर चढवली आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. वेडेपणा जन्मभर पुष्कळ केला, पण इतक्या उत्साहाने, चष्मा पुसपुसून, एकेकाचा मोबाइल हातात घेऊन, ‘झालं हं तुमचं, पुढचे या’ असं म्हणत केलेला हा एकच.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे साठीला थोडी कमी होते. केस काळे होते, निदान रंगवल्यापासून आठवडाभर तरी. सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी संपवून मी पनवेलच्या एका मधुमेहतज्ज्ञांकडे लागले होते आणि नवा हुद्दा मिळवला होता, डायबेटिस एज्युकेटर. माझ्या नवऱ्याला हा हुद्दा शेवटपर्यंत उच्चारता आला नाही. तो शेजारीपाजारी सांगायचा, ‘ही आता साखरेची मास्तरीण झालीय.’ पेशंटांनी मात्र ‘सिस्टर’ काही सोडलं नाही. नातवंडांच्या वयाची पोरंही मला सिस्टरच म्हणत, आणि मला ते आवडे. आजी म्हणालं की गुडघे दुखायला लागतात.

काम मुलांचं होतं. लोकांना वाटतं, मधुमेह म्हणजे पन्नाशी, पोट आणि पेढे. आमच्याकडे यायची ती पोरं पेढ्याला न शिवताही आजारी पडलेली. त्यांच्या शरीरात इन्सुलिन तयार होणंच थांबलेलं असतं. त्यात पोराची चूक नसते, आईची नसते, आणि डोहाळे लागले तेव्हा कोणी काय खाल्लं याचा तर काडीचा संबंध नसतो. मग ते इन्सुलिन बाहेरून टोचायचं, दिवसातून तीन-चारदा, जन्मभर. जास्त झालं तर साखर उतरते आणि माणूस घामाघूम होऊन पडतो. कमी पडलं तर चढते. आणि बराच वेळ पोचलंच नाही तर रक्तात आम्ल साठायला लागतं. त्यात जीव जाऊ शकतो. म्हणजे ज्या वयात मुलं वडापाव खाताना फक्त पैशांचा विचार करतात, त्या वयात या मुलांना प्रत्येक घासाचं गणित मांडावं लागतं.

हे गणित सोपं करायला मोबाइलमधली ॲपं आली आणि मी त्यांच्या प्रेमात पडले. ज्या बाईने आयुष्याची निम्मी वर्षं काचेच्या सिरिंजा उकळण्यात घालवली, तिला बोट लावल्यावर आलेख सरकतो याचं किती अप्रूप वाटावं! मी दिवसभर आलेख सरकवत बसायची. ॲपला मात्र आमचा मुलूख ठाऊक नव्हता. त्याला ओट माहीत, किनवा माहीत, तांदळाची भाकरी नाही. थंडीत इथे शेतावर पोपटी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भरायची, वर भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. एका कॉलेजच्या मुलाने तिथूनच फोन केला, ‘सिस्टर, ॲपमध्ये पोपटी कशात टाकू? सूप का सॅलड?’

‘सॅलडमध्ये टाक,’ मी ठणकावून सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. हिरवा पाला असतो म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी त्याने आकडा दाखवला. सॅलड चांगलंच अंगी लागलं होतं.

बाजारातले एक किराणा व्यापारी मुलाच्या साखरेवर घासाघीस करायचे. ‘सिस्टर, दोनशे दहा कशाला लिहिता? एकशे नव्वद करा. आपलं जुनं येणंजाणं आहे.’ आणि नेऱ्याच्या पलीकडे डोंगराखालच्या कातकरी वाडीतून एक मुलगा यायचा. आईबाप वीटभट्टीवर, घरात बटणांचा एकच फोन. त्याचं-माझं ठरलं होतं. इन्सुलिन घेतलं की एक मिस्ड कॉल, बरं वाटत नसेल तर दोन. एकदा ॲप विकणारे एक गुळगुळीत साहेब दवाखान्यात आले. त्यांना मी हे कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, ‘पण मॅडम, यात डेटा कुठे आहे?’ मला तेव्हा हे इतकं पटलं की त्यांच्यापेक्षा जोरात मी मान हलवली. मुलगा जिवंत आहे एवढंच त्या मिस्ड कॉलवरून कळायचं. एवढ्याशा माहितीचं आम्हाला काय मोल!

तर दर्शना.

ती आली तेव्हा दोन गाड्या भरून आली. घर उरण रस्त्यावरच्या एका आगरी गावातलं. पूर्वी भातशेती आणि मिठागर, आता जमिनी गेल्या आणि तीन मजली घर आलं. आई, वडील, काका, काकी, मामा, आत्या असे सगळे आले, आणि सगळ्यांच्या मागून, ऐंशीची असूनही काठी न टेकता, आजी. पेशंट कोण हे मला शोधावं लागलं. दर्शना कोपऱ्यातल्या खुर्चीवर पंख्याकडे बघत बसली होती. नुकतीच बारावीला गेलेली, वेणी पुढे घेऊन तिचं टोक चावत होती.

मी तिच्या दंडावर सेन्सर बसवला. दिसायला मोठ्या बटणासारखा असतो. चौदा दिवस कातडीला चिकटून राहतो. मोबाइल त्याला टेकवला की आत्ताची साखर दिसते आणि मागच्या काही तासांचा आलेखही येतो. आजीने एकच विचारलं, ‘आंगोल करताना काढाचा का?’

‘नाही आजी, पाण्यात चालतो.’

‘बरा,’ आजी म्हणाली.

इथे थांबले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मी पुढे म्हणाले, ‘आणि गंमत म्हणजे, हे सगळं घरच्यांच्या मोबाइलवरही दिसतं.’

खोलीत एकदम चैतन्य पसरलं.

‘म्हंजे मी करंज्याला बंदरावं असलो तरी मना दिसंल?’ काकाने विचारलं. त्याचा मासळीचा धंदा. पहाटे करंज्याला लिलावात मासळी घ्यायची आणि पनवेलला आणून घालायची.

‘जगात कुठेही असा, दिसेल.’

‘मंग टाका माज्या फोनात.’

‘माज्या पन टाका,’ मामा म्हणाला.

‘आनि मी काय परकी हाय?’ आत्या.

मी सगळ्यांना जोडलं, स्वतःलाही. शेवटी शेवटी तर मीच विचारत होते, ‘अजून कोणी राहिलं का?’ दर्शनाला विचारायचं राहिलं होतं, पण ती यादीत नव्हती. ती पेशंट होती.

पुढे काय झालं ते मला हप्त्याहप्त्याने कळत गेलं आणि मी ते चहाच्या वेळी दवाखान्यात रंगवून सांगायची. वर्गात तास चालू असताना काकाचा करंज्याहून फोन, ‘दोनशे चालीस! काय खाल्लास?’ मागे लिलावाची बोली चालू. आकडा साखरेचा की पापलेटांच्या पाटीचा हेच तिला आधी कळेना. आत्याचे कारल्याच्या रसावरचे बोललेले निरोप. मामा तर रोज सकाळी आदल्या दिवसाचा आलेख कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून खाली हात जोडायचा.

मग तिच्या चुलतभावाची हळद आली. आगरी हळद लग्नाहून मोठी. मांडव, डीजे, अख्खं गाव. दर्शना कॉलेजच्या मैत्रिणींना घेऊन जेवायला बसली आणि मी शिकवल्याप्रमाणे, पहिला घास घेण्याआधी, मोबाइल दंडाला टेकवला. इमानेइतबारे. आकडा सगळीकडे पोचला. काका स्टेजजवळ होता. त्याने डीजेवाल्याच्या हातून माइक घेतला.

‘दर्शना, बाय, ताट ठेव खाली! दोनशे साठ हाय!’

डीजेचं गाणं थांबलं. मग पाठीमागून कोणीतरी ओरडलं, ‘किती ओवरमंदी?’

अख्खा मांडव हसला. खरं तर दोनशे साठला ताट खाली ठेवायचं नसतं. हिशेबाने इन्सुलिन घ्यायचं आणि जेवायचं असतं. पण दर्शनाने ताट ठेवलं आणि ती घरी निघून गेली.

पुढच्या भेटीत हे तिने मला खाली मान घालून सांगितलं. आणि मीही हसले. ‘किती ओवरमंदी’ला तर डोळ्यांतून पाणी येईतो हसले. मग डोळे पुसून म्हटलं, ‘अगं, काळजी करतात सगळे. नशीबवान आहेस.’ तिने मान हलवली. तिला समजलं असं मला वाटलं. समजलंच होतं. मी काय चीज आहे ते समजलं होतं.

त्यानंतर दर्शनाचा आलेख सुधारला. सुधारला म्हणजे काय, त्यावर सतरंजी अंथरून झोपावं इतका सपाट झाला. जेवणानंतर एक छोटासा उंचवटा, की पुन्हा सपाट. घरचे खूष, फोन बंद. मी तर हवेतच. पालकांच्या मेळाव्यात तो आलेख मी पडद्यावर लावला आणि काठीने दाखवत म्हटलं, ‘शिस्त म्हणजे काय ते इथे बघा.’ मेळाव्यानंतर अयान नावाचा आमचा एक खट्याळ पेशंट, कॉलेजातला, मला गाठून म्हणाला, ‘सिस्टर, उसका ग्राफ दिखाना बंद करो प्लीज. घर पे अम्मी बोलती है, वो लडकी देख, और तू देख.’

‘मग शीक तिच्याकडून,’ मी म्हणाले.

आमच्या डॉक्टरांनी आलेख पाहिला. ते माझ्या मुलाच्या वयाचे, पण बोलण्यात सुईसारखे. म्हणाले, ‘सिस्टर, हा तर माझ्यापेक्षा चांगला आहे.’ डॉक्टरांना मधुमेह नाही. हे वाक्य ऐकून कोणाही शहाण्या बाईच्या डोक्यात घंटा वाजली असती. मी ‘थँक यू’ म्हणाले. तीन महिन्यांच्या सरासरीची रक्ततपासणी करायची होती, तीही मीच पुढे ढकलली. इतका देखणा आलेख असताना पोरीला उगाच कशाला टोचा?

आणि मग मला कल्पना सुचली की दर्शनाच्या घरी जाऊन तिचा व्हिडिओ काढावा. आदर्श पेशंट, आदर्श कुटुंब, आणि मधोमध आदर्श एज्युकेटर. मी ठेवणीतली पैठणी नेसले, आधी मोबाइलवर बघून घेतलं, साखर एकशे चार, बाण सरळ, म्हणजे ना चढ ना उतार, आणि दुपारची रिक्षा करून निघाले.

घरात आजी एकटी. आई उरणला बहिणीकडे गेलेली, बाकीचे आपापल्या कामाला. दर्शनाला दोन दिवस ताप, उलट्या होताहेत, आत पडलीय, असं आजी म्हणाली. मी आत गेले. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओठ सुकलेले, उशाशी रिकामा तांब्या, आणि छाती भात्यासारखी खोल खोल वरखाली होत होती. खोलीत एक वास होता, पिकून उतरलेल्या फळांचा. तो वास मी नर्स असताना शंभरदा घेतला होता. रक्त आंबल्याचा वास. डोळे बांधून मला वॉर्डात सोडलं असतं तरी ओळखला असता.

पण त्या दिवशी डोळे उघडे होते आणि हातात मोबाइल होता. मोबाइल म्हणत होता एकशे चार. मी नाकाला गप्प केलं आणि आजीला म्हणाले, ‘साखर उत्तम आहे. पित्त झालंय. लिंबू सरबत द्या.’

आजी दारात उभी होती. ती हलली नाही.

‘लिंबू आहेत ना?’

‘बाय,’ आजी म्हणाली, ‘तो आकडा तिचा नाय. माजा हाय.’

तिने लुगड्याचा पदर बाजूला केला आणि चोळीची बाही वर सरकवली. सुरकुतल्या दंडावर ते बटण होतं. मीच दिलेलं.

‘आजी, हे...’

‘मंगाशी मीच टेकवला तिचा फोन. दुपारपावत आकडा नाय गेला तर सगल्यांचे फोन येतात. पोरीला झोपू देत नाय कोनी.’

मी पर्समधलं जुनं मीटर काढलं आणि दर्शनाचं बोट टोचलं. साखर फार वर गेली की ते मीटर आकडा सांगायचंच सोडून देतं. त्याने सोडून दिलं.

नशिबाने काका मासळी उतरवून नुकताच परतला होता. त्याच्या टेम्पोत पुढे दर्शना, तिला धरून आजी, आणि मागे बर्फाच्या खोक्यांमध्ये मी, पैठणीसकट. एका हाताने न खपलेल्या बोंबलांची पाटी धरून दुसऱ्या हाताने डॉक्टरांना फोन करत होते. खणून ठेवलेल्या रस्त्यावर टेम्पो उडे तसं पाटीतलं पाणी माझ्या काठपदरावर सांडे. काच सरकवून मी सारखी पुढे ओरडत होते, ‘आजी, बोलती ठेवा तिला! नाव विचारा तिचं!’ काका गाडी हाकता हाकता रडत होता आणि म्हणत होता, ‘एकशे चार होता ना पन! एकशे चार होता!’

डॉक्टर दारातच उभे होते. तिला आत नेलं. सलाईन, इन्सुलिन, तपासण्या. बाहेर आम्ही सगळे, आणि आता कोणालाच काही दिसत नव्हतं. ज्याचा त्याचा मोबाइल हातात होता आणि त्यावर ऐंशी वर्षांच्या, धडधाकट, दुपारची भाकरी खाऊन आलेल्या बाईची साखर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर आले तेव्हा आम्ही उठूनसुद्धा उभे राहिलो नाही, इतके घाबरलो होतो. ‘वाचली,’ ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, आवाज जराही न चढवता, ‘आणि सिस्टर, आजींची तब्येत उत्तम आहे. तीन महिन्यांचा पुरावा आहे आपल्याकडे.’

हकिगत पुढे कळली ती अशी. दर्शना इन्सुलिन घेत होती, पण अंदाजाने. खरा आकडा बघायचा तर तो सगळ्यांना दिसणार, म्हणून तिने बघणंच सोडून दिलं होतं. ताप आला, जेवण जाईना, मग ‘जेवले नाही तर कशाला घ्यायचं’ म्हणून तेही थांबवलं. तापात, उपाशीपोटीसुद्धा, इन्सुलिन कधी बंद करायचं नसतं. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तो मी तिला शिकवला होता का? हो. पहिल्याच दिवशी, मामाच्या मोबाइलचा पासवर्ड लागत नव्हता तेव्हा, घाईघाईत.

मला कोणावर तरी रागवायचं होतं. दवाखान्याच्या बाकावर मी आजीला गाठलं. ‘आजी, तुम्ही एवढ्या मोठ्या, असं कसं केलंत?’

‘मना काय ठावं? मना वाटला, बटन नुसता बगाला असते. दवा तर पोर घेतेच हाय.’ आजी शांतपणे म्हणाली. ‘हलदीच्या राती रडली माज्यापाशी. बोलली, आजी, मी जेवताना कोनी बगू नये असा काय तरी कर. मंग मी केला. तुमी पोरीला सगल्यांना दाखवली, मी लपवली. दोगींनी मारलीच असती तिला.’ मग माझ्या पैठणीकडे बघून नाक मुरडलं. ‘आता उब्या काय रायल्याव? घरी जा, आंगोल करा. बोंबलाचा वास येते तुमचा.’

घरी पाठवायच्या आदल्या दिवशी मी दर्शनाच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. तिचा मोबाइल तिच्या हातात दिला. एकेक नाव कसं काढायचं ते दाखवलं. काका, मामा, आत्या, काकी, वडील. भराभर काढले. आईपाशी थांबली. साखर फार उतरली किंवा फार चढली तरच आईला कळेल, एरवी नाही, अशी सोय असते. ती तिने ठेवली. ही सोय पहिल्या दिवसापासून होती बरं का. मला माहीत होती. पण तिच्यात मजा नव्हती.

शेवटी माझं नाव राहिलं. मी म्हटलं, ‘मला ठेवायचं की...’ वाक्य पुरं व्हायच्या आत तिने मला काढून टाकलं. मग पंख्याकडे बघत बसली.

पुढे कितीतरी महिने ती वेळेवर यायची, डॉक्टरांना आलेख दाखवायची, खरा, डोंगरदऱ्यांचा, आणि माझ्या टेबलावरून सरळ निघून जायची. तपासणीची सरासरी हळूहळू खाली येत होती, हे मला डॉक्टरांच्या टेबलावर डोकावून कळायचं. मेळाव्यात मी कोणाचा आलेख पडद्यावर लावणं बंद केलं. नवीन मुलं आली की घरच्यांना बाहेर बसवायला लागले. एक आत्या चिडून म्हणाली, ‘आमच्यापासून काय लपवता?’ मी म्हटलं, ‘तुमची साखर किती? चला, मोठ्याने सांगा, बाहेर बरीच माणसं बसलीत.’ आत्या बाहेर जाऊन बसली.

मग एका होळीच्या आधी माझ्या मोबाइलवर निरोप आला की दर्शनाने तिची साखर तुम्हाला दाखवायला परवानगी दिली आहे. मी हरखले. होळीच्या संध्याकाळी बघते तर तीनशे बारा. फोन उचलला. ठेवला. पुन्हा उचलला. सून म्हणाली, ‘आई, तुम्हाला काय होतंय?’ मी स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली, पण फोन केला नाही. झोपायच्या वेळी पाहिलं तर आकडा उतरून दीडशेवर आला होता. तिचा तिने आणला होता.

धुळवडीची सुट्टी झाल्यावर ती दवाखान्यात आली. माझ्या टेबलापाशी थांबली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, ‘सिस्टर, परवा तीनशेच्या वर बघितलीत ना? पुरणपोळ्या होत्या, तीन खाल्ल्या, इन्सुलिन थोडं कमी पडलं, मग घेतलं. तुमचा फोन नाही आला. मी वाट बघत होते, आला की लगेच काढून टाकणार होते. आता राहा. पण आजीसमोर बोलू नका हां, मी तुम्हाला घेतलंय ते. ती म्हणते, त्या सिस्टरीनबायला आजून वरीसभर तरी लांब ठेव.’